भाकरी कुठे अडते?

जुलैतल्या कुठल्याही रविवारी सकाळी मळवली स्टेशनवर उभे राहावे. पुण्याच्या लोकलमधून रेनकोट घातलेली माणसे भराभरा उतरतात. काही कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जातात, बरीचशी एक्स्प्रेस वेवरचा पूल ओलांडून भाज्याची वाट धरतात. धबधब्यात भिजायचे, भाजलेले कणीस खायचे आणि पाय चालले तर लोहगड. त्यातले मोजके लोक लेण्यांपर्यंत चढतात आणि त्याहून मोजके एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहारात डोकावतात. तिथे दाराशेजारी दगडात कोरलेला चार घोड्यांचा रथ आहे, रथात सूर्य, आणि सोबत छत्र-चामर घेतलेल्या दोन स्त्रिया. तो सूर्यच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बहुतेक जण सूर्य म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्या आठवड्यात मावळात कुणाला सूर्य दिसलाच तर बहुधा तेवढाच.

गंमत अशी, की खरा सूर्य तेव्हा डोक्यावरच असतो. मळवलीच्या अक्षांशावर तो वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. मे महिन्यात सावली पायाखाली जाते तेव्हा शाळेची मुले काठ्या रोवून फोटो काढतात. जुलैत मात्र तो कधी आला आणि कधी गेला याचा कुणाला पत्ता लागत नाही, कारण मध्ये ढगांची गोधडी असते. जूनमध्ये इथला दिवस सव्वातेरा तासांचा होतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. म्हणजे निसर्गाने ज्या महिन्यांत सर्वांत जास्त प्रकाश वाढून ठेवला, त्याच महिन्यांत ताटावर झाकण. आणि नेमके याच महिन्यांत इथले लोक भात लावतात.

ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती याच कोड्यामुळे. हिरवे पान प्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवते आणि ऑक्सिजन सोडते, हे सातवीच्या मुलालाही पाठ असते. ‘प्रकाशसंश्लेषणाच्या वेगावर परिणाम करणारे घटक लिहा’ हा प्रश्नही परीक्षेत ठरलेला. उत्तरही ठरलेले: प्रकाशाची तीव्रता, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, तापमान, पाणी, हरितद्रव्य. पाच मुद्दे, पाच गुण. मी स्वतः हे उत्तर कित्येक वर्षे मुलांकडून घोकून घेतले आहे. त्यात चूक काहीच नाही. फक्त हे वाचून मळवलीतल्या शेतावर उद्या काय करायचे ते कळत नाही. सगळेच घटक वाढवायचे का? की एखादा? कुठला?

याचे उत्तर मला आमच्या घरच्या एका लग्नात मिळाले. वऱ्हाड जेवायला बसले होते. भाकऱ्या थापायला चार बायका होत्या, पीठ भरपूर होते, चुलीला लाकडे होती, वाढपी तर नको इतके. तरी पंगतीत भाकरी येईना. कुणी ओरडले, ‘अजून एक बाई बसवा थापायला!’ बसवली. भाकरी तरीही येईना. मग आमची आत्या उठून स्वयंपाकाच्या मांडवात गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘अरे, तवा एकच आहे.’ पीठ मळले किती, थापल्या किती, याने काही फरक पडत नव्हता. तवा जेवढ्या भाजेल तेवढ्याच भाकऱ्या पंगतीत येणार होत्या. शेजारच्या घरून दुसरा तवा आणला आणि पाच मिनिटांत पंगत हलली. आणि त्यानंतर? त्यानंतर पीठ कमी पडू लागले. म्हणजे अडचण संपली नव्हती, जागा बदलून बसली होती.

केंब्रिजमधले वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडले. एखादी क्रिया अनेक घटकांवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्या क्षणी ज्या घटकाची सर्वांत जास्त टंचाई आहे तो घटक ठरवतो. बाकीचे कितीही वाढवा, वेग वाढत नाही. पुस्तकात याला मर्यादाकारी घटकांचा नियम म्हणतात. मी या पुस्तिकेत त्याला ‘तवा’च म्हटले आहे. परीक्षेत तसे लिहू नये.

या नियमामागे जे मोजमापाचे कष्ट होते ते ब्लॅकमनसोबत काम करणाऱ्या गॅब्रिएल मथाई या तरुण संशोधिकेने उपसले होते. एकच पान काचेच्या पेटीत ठेवायचे, प्रकाश ठरावीक ठेवायचा, तापमान थोडे थोडे बदलायचे आणि पान किती कार्बन डायऑक्साइड घेते ते मोजायचे. या प्रयोगांतून एक विलक्षण गोष्ट हाती आली. प्रकाश मंद असेल तेव्हा तापमान वाढवून काहीच साधत नाही. प्रकाश भरपूर असेल तेव्हा मात्र तापमानाबरोबर वेग वाढतो. म्हणजे पानाच्या आत कामाचे दोन टप्पे असले पाहिजेत, एक प्रकाशावर चालणारा आणि दुसरा उष्णतेला प्रतिसाद देणारा, रासायनिक. आज आपण ‘प्रकाश अभिक्रिया’ आणि ‘अंधार अभिक्रिया’ म्हणून जे शिकवतो त्याचा पहिला सुगावा असा लागला, पानाच्या आत न शिरता, बाहेरून हिशेब ठेवून.

या बाईंचे पुढे काय झाले ते आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असायला हवे. १९०५ मध्ये त्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्याशी लग्न करून हिंदुस्थानात आल्या, बिहारात पुसा इथे त्यांनी गव्हाच्या जातींवर काम केले आणि नंतर दोघे होळकरांच्या इंदुरात आले. शेतातला काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून कुजवण्याची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. आपल्या शेतकऱ्यांना ती नावाने माहीत असते, कृषी पदविकेच्या पोरांना तोंडपाठ असते. १९३० मध्ये गॅब्रिएलबाई गेल्या. खतावरच्या पुस्तकात नवऱ्याचे नाव येते, पानावरच्या पुस्तकात ब्लॅकमनचे. म्हणून या प्रस्तावनेत त्यांना एक परिच्छेद जास्त दिला.

आता मथाईबाईंचा तो निष्कर्ष घेऊन जुलैत भाताच्या खाचरावर यावे. लोणावळ्याच्या माथ्यावर सर्वसाधारण वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मळवली तिथून लोकलने दहा-बारा मिनिटांवर. पाण्याची ददात नाही. हवा उबदार आणि दमट, म्हणजे तापमानाचीही तक्रार नाही. मग भाताचे पान पोटभर का जेवत नाही? कारण तवा प्रकाशाचा आहे. पुण्याच्या वेधशाळेत अ‍ॅना मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे उभी केली, आणि १९८० मध्ये त्या आकड्यांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. पुण्याचा वर्षभराचा आलेख काढला तर एप्रिल-मेमध्ये त्याचे शिखर असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये खोल खळगा. पुण्याहून घाटाकडे यावे तसे ढग दाट होत जातात, तेव्हा मळवलीचा खळगा पुण्याहून खोल असणार हे सांगायला यंत्र लागत नाही.

शिवाय पान नुसते कमावत नाही, खर्चही करते. श्वसन दिवसरात्र चालू असते आणि त्यात साखर जळते. उबदार रात्री हा खर्च वाढतो. दिवसा ढग आणि रात्री उकाडा असेल तर पगार अर्धा आणि बिले मात्र पूर्ण, अशी रोपाची अवस्था होते. कोकणात किंवा इथल्या धरणाखाली जे शेतकरी उन्हाळी भात घेतात त्यांना खरिपापेक्षा एकरी उतारा जास्त मिळतो. लोक त्याचे श्रेय पाण्याला देतात, मी उन्हाला देईन. पाणी तर जुलैतही होते.

तरी सगळेच ढग वाईट नसतात, हे निरखून पाहणाऱ्याला माहीत असते. काळे आभाळ आणि पांढरे आभाळ यांत फरक आहे. पातळ पांढऱ्या ढगातून प्रकाश सगळ्या बाजूंनी विखरून येतो आणि वरच्या पानांच्या सावलीत दडलेल्या खालच्या पानांनाही थोडा थोडा मिळतो. कडक उन्हात वरचे पान खाऊन तृप्त असते. भाताच्या एकट्या पानाला पूर्ण उन्हाच्या साधारण निम्मा प्रकाश मिळाला की पुरे होते, त्यापुढचा प्रकाश त्याला वापरता येत नाही. खालची पाने मात्र उपाशीच राहतात. म्हणून पिकाचा प्रश्न ‘प्रकाश किती’ एवढाच नसतो, ‘कुणाकुणाला पोचला’ हाही असतो. पंगतीत पहिल्या पाटावर तूप ओतून काय उपयोग?

इंद्रायणी तांदळाची गोष्ट इथे येते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ही जात तयार झाली आणि १९८७ मध्ये प्रसारित झाली. आपण तिला वासासाठी आणि चिकट, मऊ भातासाठी ओळखतो. वास आंबेमोहोराकडून आला. पण आंबेमोहोर उंच, वाऱ्यापावसात लोळणारा. लोळलेल्या भाताची पाने एकमेकांवर पडतात, आणि आधीच कमी असलेला प्रकाश वरच्या थराने अडवला की खालचे सगळे अंधारात. आयआर ८ हा फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा १९६६ चा वाण, बुटका, ताठ, सरळ उभ्या पानांचा. ताठ पानातून ऊन खालपर्यंत झिरपते. इंद्रायणीच्या ताटात जे चार घास जास्त आले त्यात पानांच्या या ठेवणीचा वाटा आहे. चव घेताना आपण आईची आठवण काढतो, बापाने शेत उभे ठेवले हे विसरतो.

चारसूत्री लागवडीकडेही मी याच नजरेने पाहतो. डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेली ही पद्धत मावळात पुष्कळांनी पाहिली आहे, काहींनी केली आहे, बऱ्याच जणांनी ‘दोरी धरायला माणूस मिळत नाही’ म्हणून सोडलीही आहे. पहिले सूत्र, भाताचे तूस जाळून त्याची राख गादीवाफ्यात घालायची. तुसात सिलिका असते, सिलिकाने पान आणि खोड ताठ होते. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडायचा. तिसरे, चूड एका आड एक पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरवर लावायचे, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन होतो आणि चौकोनांमध्ये गल्ली राहते. चौथे, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची, म्हणजे नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. हे नत्र जाते कुठे? पानातल्या नत्रातला निम्म्याहून जास्त भाग हरितलवकांत गुंतलेला असतो, हरितद्रव्यात आणि कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को नावाच्या प्रथिनात. तेव्हा राख पान ताठ करते, गल्ली ऊन आत घेते, गोळी पानाला हिरवे ठेवते. खते-बियाण्यांच्या भाषेत मांडलेली ही पद्धत मुळात प्रकाशाची वाटणी आहे. गोळी खुपसायला वाकून कंबर मोडते, हेही खरे.

सप्टेंबरअखेर भात निसवतो. दाण्यात जो पिठूळ साठा भरतो त्यातला बराच मोठा भाग निसवल्यानंतरच्या दिवसांत वरच्या दोन-तीन पानांनी बनवलेला असतो. म्हणून जुलैतल्या अंधारापेक्षा ऑक्टोबरातले आभाळ जास्त महाग पडते. परतीचा पाऊस रेंगाळला, आठ-दहा दिवस ऊन पडले नाही, की लोंबी हलकी लागते आणि उफणताना पोचट दाणे वाऱ्यावर उडून जातात. ‘आभाळाने दाणा खाल्ला’ असे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितले होते. मी तेव्हा हसलो होतो. आता हसत नाही.

भाताच्या खाचरावरून नजर वर उचलली की पांढरी पॉलिहाउसे दिसतात. तळेगावपासून पवना धरणापर्यंत मावळात गुलाबाची शेती पसरली आहे, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परदेशी जाणाऱ्या गुलाबाच्या पेट्यांमुळे या तालुक्याचे नाव वर्तमानपत्रात येते. टॉप सिक्रेट, ताजमहाल, गोल्ड स्ट्राइक ही नावे इथल्या पोरांना आंब्याच्या जातींइतकी सवयीची झाली आहेत. या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग मी पॉलिहाउसला दिला आहे, कारण पानाचे गणित तिथे उघडे पडते. बाहेर पाऊस, ऊन, वारा सगळे देवाच्या हाती. आत प्रत्येक गोष्टीला एक नळ, एक दोरी किंवा एक पडदा आहे, आणि तो कधी ओढायचा हे माणसाला ठरवावे लागते.

डिसेंबरातल्या एका सकाळचे उदाहरण घेतो. नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात छाटणी झालेली आहे, फुले जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून हवीत. मावळातली थंडी रात्री दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहून खाली जाते. गुलाबाला रात्री पंधरा-सोळा अंश बरे वाटतात, म्हणून संध्याकाळी बाजूचे पडदे खाली सोडलेले. आता सकाळचे आठ वाजले आहेत. प्लास्टिक कागदाच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब लटकलेत, बाहेर धुके, पण ऊन यायला लागले आहे. पडदे उघडायचे का?

उघडले तर बाहेरची गार हवा आत येईल आणि कोवळ्या फांद्या थबकतील. न उघडले तर? रात्रभर झाडांनी आणि मातीतल्या जिवाणूंनी श्वसन करून जो कार्बन डायऑक्साइड सोडला तो बंद पॉलिहाउसमध्ये साठलेला असतो. पहिल्या उन्हात पाने तो भराभर खाऊन टाकतात. एकदा का तो संपला की आतल्या हवेतले प्रमाण बाहेरच्यापेक्षाही खाली जाते. ऊन आहे, पाणी आहे, खत ठिबकमधून जाते आहे, ऊबही आहे, आणि पान रिकाम्या तव्यासमोर बसलेले. बाहेरच्या हवेतही हा वायू फार असतो असे नाही. दहा हजार रेणूंमागे जेमतेम चार. हॉलंडमधले बागायतदार काचघरात हा वायू मुद्दाम सोडतात, बाहेरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त प्रमाणात. आपल्याकडे तो खर्च परवडत नाही, आणि ज्या ठिकाणी दिवसभर पडदे उघडे ठेवावे लागतात तिथे सोडलेला वायू वाऱ्यावरच जायचा. आपला उपाय एकच, पडदा. अनुभवी माळी घड्याळ बघत नाही. तो हाताने कागद चाचपतो, थर्मामीटरकडे एक नजर टाकतो आणि आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा वीतभर वर घेतो. अर्ध्या तासाने आणखी. ब्लॅकमन वाचलेला नसतो त्याने. पण तवा उबेवरून हवेवर केव्हा सरकला हे त्याला कळलेले असते.

तिथलीच आणखी एक गोष्ट पाहुण्यांना नेहमी चक्रावते. गुलाबाच्या रांगांत खालच्या बाजूला कित्येक बारीक फांद्या मुद्दाम वाकवून आडव्या पाडलेल्या असतात. त्यांना फूल येऊ देत नाहीत, आलेली कळी खुडतात. याला सगळे ‘बेंडिंग’ म्हणतात. ‘वाया कशाला घालवता, कापून टाका ना,’ असे एका पाहुण्याने माझ्यासमोर म्हटले होते. त्या फांद्या वाया गेलेल्या नसतात. त्या झाडाच्या कमावत्या सुना आहेत. त्यांची पाने साखर बनवतात आणि ती सरळ उभ्या वाढणाऱ्या फुलाच्या दांड्याला जाते. लांब दांड्याच्या फुलाला भाव मिळतो, आणि तो दांडा खालच्या वाकवलेल्या पानांच्या जिवावर उभा असतो.

छपराच्या प्लास्टिक कागदाबद्दल एक तक्रार. पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ आणि धुळीचा थर बसतो आणि प्रकाश अडतो. ज्या पॉलिहाउसमध्ये मी काही महिने नोंदी ठेवत होतो तिथे फुले लहान का येतात म्हणून खत बदलले, मग औषध बदलले, मग सल्लागारच बदलला. शेवटी एका मुलाने नळीने छप्पर धुतले. धूळ ही पानावरही बसते. खडीच्या गाड्या ज्या कच्च्या रस्त्याने जातात त्याच्या कडेच्या करंजाचे पान बोटाने पुसून पाहावे. खाली हिरवे पान आहे हे पुसल्यावर कळते. तेवढा प्रकाश कमी झाला, शिवाय पर्णरंध्रांची तोंडेही बुजली.

पाण्याबद्दल पुस्तिकेत मी थोडक्यात लिहिले आहे, कारण त्याबद्दल सगळ्यांना सगळे माहीत असते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पाणी कमी पडल्यावर साखर बनवायला कच्चा माल उरत नाही म्हणून वेग मंदावतो, असे मुले लिहितात. झाड जेवढे पाणी शोषते त्यातला अगदी नगण्य भाग साखरेत जातो, जवळजवळ सगळे बाष्प होऊन उडते. खरा घोटाळा दाराचा आहे. पर्णरंध्र उघडले तर कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाणी बाहेर जाते, दार एकच. मेमध्ये दुपारी जमीन वाळलेली असताना झाड दार लावून घेते. पाणी वाचते आणि हवा बंद होते. म्हणजे पाण्याच्या टंचाईने तवा हवेचा होतो. लोहगडाच्या उतारावरचे पांगारे नि सावरी तेवढ्यासाठी दुकानच बंद करतात, पाने झाडून टाकतात.

काही वनस्पतींनी यातून वेगळी वाट काढली. ऊस, ज्वारी, मका आणि आपल्या डोंगरउतारावरची नाचणी-वरई यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग रुबिस्कोपुढे ठेवण्याची सोय असते. रुबिस्को हे मोठे धांदरट प्रथिन आहे. सेकंदाला दोन-चार रेणू एवढीच त्याची गती, आणि त्यातही ते चुकून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते. उष्णता वाढेल तशी ही चूक वाढते. भात, गहू आणि गुलाब ती चूक सोसतात, नाचणी टाळते. कडक उन्हात, गरम हवेत नाचणी भाताला मागे टाकेल. ढगाखाली मात्र हा फायदा बराचसा विरतो. घायपात आणि पानफुटी आणखी पुढे गेल्या. त्या रात्री गारव्यात दार उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दार लावून आतल्या आत साखर करतात. पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते, संध्याकाळी तेवढे लागत नाही.

याच माहितीचा अर्धवट धागा पकडून पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो असा संदेश दर काही महिन्यांनी फोनवर येतो. ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फुटून, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळ काय, वड काय, कुणीही ऑक्सिजन सोडत नाही. पिंपळाला नमस्कार जरूर करावा. त्यासाठी खोटी कारणे लागू नयेत.

दुसरा एक संदेश जरा सुशिक्षित लोकांकडून येतो: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय तर पिकांना चांगलेच की! १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा दर दशलक्ष रेणूंत हा वायू सुमारे ३१५ होता, आता ४२० च्या वर गेला आहे. जिथे तवा खरोखर हवेचा असेल तिथे भाताला थोडा लाभ होतो, हे खरे. जुलैतल्या मळवलीत तवा प्रकाशाचा आहे, तिथे हा लाभ कमी. आणि जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या भात-गव्हाच्या दाण्यात प्रथिने, लोह आणि जस्त काहीसे घटलेले आढळते. पोते भरेल, पोषण पातळ होईल. वाढत्या उष्णतेचा आणि पावसाच्या लहरीपणाचा हिशेब वेगळाच.

शेवटी प्रयोगांविषयी. या पुस्तिकेत नऊ प्रयोग आहेत आणि त्यांतला पहिला जुनाच आहे. हायड्रिला ही पाणवनस्पती, जिला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, ती पाण्यात बुडवून वर नरसाळे आणि परीक्षानळी पालथी घालायची आणि वर येणारे बुडबुडे मोजायचे. जगदीशचंद्र बोस यांनीही हायड्रिलावर काम केले होते, बुडबुड्यांची नोंद आपोआप करणारे यंत्र बनवले होते आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला होता. आमच्याकडे यंत्र नव्हते, मुले होती. मी त्यांच्यासमोर साधा शंभर वॉटचा दिवा भांड्याच्या जवळ जवळ नेत गेलो, बुडबुडे वाढत गेले, आणि मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘प्रकाश वाढला, वेग वाढला.’ मागच्या बाकावरच्या एका मुलीने भांड्यात बोट घालून पाहिले आणि म्हणाली, ‘सर, पाणी पण गरम झालंय.’ दोन घटक एकदम बदलून मी एकाचे श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळा झालो होतो. तेव्हापासून दिवा आणि भांडे यांच्यामध्ये पाण्याने भरलेली एक सपाट काचेची बरणी ठेवायची, म्हणजे उष्णता तिथेच अडते. पुस्तिकेतल्या आकृतीत ती बरणी दाखवली आहे. तिला वगळू नये.

शिक्षकांना आणखी एक विनंती. हा धडा बहुतेक शाळांत पावसाळ्यातच शिकवून होतो, आणि मुले खिडकीशी भांडे ठेवून बुडबुड्यांची वाट पाहत बसतात. मळवली-लोणावळ्याकडे जुलैत बुडबुडा इतका सावकाश येतो की तास संपतो. मुलांना वाटते प्रयोग फसला. तो फसलेला नसतो, आभाळाचा खरा निकाल तो सांगत असतो. म्हणून पहिल्यांदा जुलैत मोजून ते आकडे वहीत जपून ठेवावेत, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्याच खिडकीत, त्याच वेळी, तेच भांडे पुन्हा मांडावे. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालायला विसरू नये.